मावशींचा पगार आणि आपलं म्हातारपण

म्हाताऱ्या माणसांची देखभाल हा आता एक सेक्टर झालाय. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या देखभालीवर एक पेपर काढला, त्यात या धंद्याचा आकार सुमारे ७ अब्ज डॉलर दिलाय, आणि तेव्हापासून सिल्व्हर इकॉनॉमी (म्हणजे ज्येष्ठांच्या गरजांभोवतीची बाजारपेठ) हे शब्द बिल्डरपासून स्टार्टअपवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. पुण्याच्या बाहेर पडलात की सीनिअर लिव्हिंगचे बोर्ड दिसतात, त्यावर ताठ चालणारे, हसरे, पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा असतात. ही वाढ होऊ नये असं मी म्हणत नाही, गरज प्रचंड आहे, सोयी वाढायलाच हव्यात. पण धंदा वाढला की स्पर्धा होईल, स्पर्धा झाली की दर उतरतील आणि मग सगळ्यांना परवडेल असं जे धरून चाललंय ते मला अजिबात पटत नाही. हा खर्च उतरणारा नाहीच. तो वाढत जाणार आहे, आणि तो एकेकट्या घराने भरायचा असं आपण ठरवून टाकलंय (ठरवलंय पण कोणी, कधी, तेही माहीत नाही), ते बदलायला हवं.

आधी मी कशाबद्दल बोलतेय ते सांगते. हॉस्पिटलबद्दल नाही. हॉस्पिटलचा खर्च मोठा असतो पण तो संपतो, डिस्चार्ज मिळतो, मेडिक्लेम असला तर टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीशी) भांडून थोडे पैसे सुटतात. खरं सुरू होतं ते डिस्चार्जनंतर. खुब्याचं हाड मोडलं, अर्धांगवायूचा झटका आला, पार्किन्सन वाढला, डिमेन्शिया झाला, माणूस घरी आला पण आता त्याला उठवायला, संडासला न्यायला, स्पंज करायला, भरवायला, डायपर बदलायला, दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला दुसरं माणूस लागतं, आणि हे आठ महिने चालेल की आठ वर्षं ते कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. यात औषध थोडं आणि माणसाचा वेळ फार. आणि नेमकं हेच आपल्याकडच्या विम्यातून बाहेर आहे. घरातली आरोग्य विम्याची पॉलिसी काढा, मागच्या पानांवर काय मिळणार नाही त्याची यादी असते, त्यात 'एक्सक्ल ०५' असा कोड शोधा. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखा करून दिलेला तो मजकूर आहे आणि बहुतेक पॉलिसींत सापडतो. त्यात साफ लिहिलंय की आंघोळ घालणं, कपडे घालणं, हलवणं-फिरवणं अशी रोजची देखभाल, मग ती घरी असो की नर्सिंगच्या ठिकाणी, शिकलेल्या नर्सने केलेली असो की साध्या मदतनीसाने, तिचे पैसे मिळणार नाहीत. ७० च्या पुढच्या सगळ्यांना २०२४ मध्ये आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कव्हर मिळालं, उत्पन्नाची अट न ठेवता मिळालं, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तेही ॲडमिट झाल्यावरचं. घरी आल्यावर पलंगाशेजारी कोण बसणार याचं उत्तर त्यात नाही.

आता पैशाचं बघू. पुण्या-मुंबईत ब्युरोतून (घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून) १२ तासांच्या ड्युटीला मावशी घ्यायची तर दिवसाला सातशे-आठशेपासून हजार रुपयांपर्यंत दर ऐकायला मिळतात. दिवस-रात्र दोन्ही ड्युट्या लागल्या की महिन्याचे पन्नास हजारांच्या आसपास गेले. कॅथेटर, नाकातून नळी, सक्शन असलं काही असेल तर शिकलेली नर्स लागते आणि मग दर वेगळाच. वर डायपर, अंडरशीट, एअर बेड, फिजिओ. डायपरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. वृद्धाश्रम म्हणाल तर पुष्कळ ठिकाणी पहिला प्रश्न असतो की पेशंट चालता-फिरता आहे का? अंथरुणावरच्या माणसाला घेणारी ठिकाणं कमी, आणि घेतात तिथे दर चढा. यात कराचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला जीएसटी माफ आहे, पण माणशी महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या फीवर. ही मर्यादा २०१८ ची आहे. म्हणजे साधं राहणं-जेवण त्यात बसतं आणि जो पूर्ण परावलंबी आहे, ज्याच्यासाठी तीन पाळ्यांत माणसं ठेवावी लागतात, तो बरोब्बर त्या मर्यादेच्या वर जातो.

समोर उत्पन्न काय ते बघा. खाजगी कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाची ईपीएस-९५ ची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपये आहे, ती वाढवून मागणाऱ्या म्हाताऱ्यांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलंय. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. दोनशे रुपयांत मावशी तीनेक तास येईल, महिन्यातून एकदा. आपल्या राज्याची श्रावणबाळ योजना १५०० देते पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, महिन्याला पावणेदोन हजार, एवढ्यात हल्ली कोण जगतं? २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, त्यात ६५ च्या पुढच्यांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र असल्या वस्तूंसाठी एकदा ३ हजार रुपये. मला या कुठल्याच योजनेला नावं ठेवायची नाहीत, ज्यांना मिळाले त्यांना ते तीन हजार मोलाचे आहेत. पण यातली एकही योजना माणसाचा वेळ विकत घ्यायला पुरत नाही, आणि लागतो तो वेळच.

खर्च उतरणार नाही असं मी इतकं ठामपणे का म्हणते? अर्थशास्त्रात विल्यम बॉमोल नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. कारखान्यात यंत्रं सुधारली की एक कामगार पूर्वीच्या दसपट माल काढतो, म्हणून त्याचा पगार वाढला तरी मालाची किंमत उतरते, टीव्ही आणि मोबाईल स्वस्त होत गेले ते असे. पण काही कामं अशी असतात की त्यांत वेळ हेच काम असतं. अंथरुणावरच्या बाईला नीट स्पंज करायला माझ्या आजीच्या काळी जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो आणि वीस वर्षांनीही लागेल. घाई केली तर कातडी सोलवटते, पाणी थंड होतं, तिला लाज वाटते. भरवतानाही तसंच, घास घशात अडकू नये म्हणून थांबावं लागतं. पण मधल्या काळात बाकी देश पुढे गेलाय, मॉलमध्ये, पॅकिंगच्या कंपनीत, ऑफिसच्या हाउसकीपिंगमध्ये पगार वाढलेत, म्हणून मावशींनाही पगार वाढवून द्यावाच लागतो, नाहीतर त्या येणार नाहीत, आणि त्यांनी का यावं? म्हणून देश जितका श्रीमंत होईल तितकी ही देखभाल बाकी वस्तूंच्या मानाने महाग होत जाणार. आर्थिक वाढ हा या महागाईवरचा उपाय नाही, तीच तिचं कारण आहे. ॲप काढलं, सीसीटीव्ही लावला, पडल्यावर वाजणारं घड्याळ मनगटावर बांधलं, यांचा उपयोग होतो, पण त्यातलं काहीही रात्री दोन वाजता ओली चादर बदलत नाही. म्हणून कोणी 'परवडणारी देखभाल' विकायला आलं की मी एकच गोष्ट विचारते, वेळ कापलाय की पगार? तिसरी जागा नाही कापायला.

आजवर आपल्याला हा खर्च दिसला नाही कारण तो दोन बायकांनी भरला. एक घरातली सून नाहीतर मुलगी आणि दुसरी ही मावशी. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं असं आलंय, आणि घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांची त्यावर आणखी १३७ मिनिटं. हे जीडीपीत कुठेच धरलं जात नाही. सून नोकरी सोडून सासऱ्यांचं करते तेव्हा जीडीपी तिच्या पगाराएवढा कमी होतो, आणि तिने मावशी ठेवली की वाढतो, म्हणून मग सेक्टर वाढतोय असं म्हणतात. काम तेच आहे, तेच म्हातारे, तोच पलंग. फक्त आधी त्याची किंमत कोणी मोजत नव्हतं. ज्यांनी नोकरी सोडली त्यांचा बुडलेला पगार, न साठलेला पीएफ, पुढे न मिळणारी पेन्शन, हे सगळं या देखभालीच्या बिलातच धरायला हवं आणि तसं धरलं तर हे सेक्टर नवीन नाही, फार जुनं आहे.

दुसरीबद्दल थोडं जवळून सांगते. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होत्या. मी नोकरी करू शकले ती बीड जिल्ह्यातून आलेल्या एका मावशींमुळे. आम्ही देत होतो त्यातला हिस्सा आधी ब्युरो कापून घ्यायचं, किती ते मावशींनी सांगितलं तेव्हा मला धक्का बसला होता. सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले, म्हणून अंगात ताप असताना त्या यायच्या. पीएफ नाही, ईएसआय नाही, आजारी पडल्या की बदली मावशी येणार आणि ड्युटी हातची जाणार ही भीती कायम. आणि शिक्षण म्हणाल तर कुठलाच कोर्स नाही, पण माकडहाडावरचा लालसर डाग त्यांना आमच्या आधी दिसला, व्हिजिटला येणाऱ्या डॉक्टरांच्याही आधी, आणि त्यांनी त्या दिवसापासून कूस बदलायचं वेळापत्रक असं सांभाळलं की बेडसोर झालाच नाही. बेडसोर झाला असता तर ड्रेसिंग, अँटिबायोटिक, कदाचित ॲडमिट, लाखाच्या घरात खर्च गेला असता. तो वाचवण्याचं त्यांना काय मिळालं? काहीच नाही. हे कौशल्य आहे, ते त्यांनी पेशंटमागून पेशंट करत कमावलंय, आणि आपण त्याला अकुशल काम म्हणून पैसे देतो. देणारी मी पण त्यातलीच, कारण त्याहून जास्त आम्हाला झेपत नव्हतं. इथेच हे सगळं अडकतं. मावशींना न्याय्य पगार द्यायचा तर मध्यमवर्गीय घर मोडतं, आणि घर वाचवायचं तर मावशींना कमी द्यावं लागतं, हा झगडा दोन घरांमध्ये सोडला तर तो कधीच सुटणार नाही.

काही लोक म्हणतात, बचत करा, तरुणपणी एसआयपी लावा. बचत करावीच. पण ही जोखीम बचतीने झाकता येण्यासारखी नाही कारण ती सारखी वाटलेली नाही. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या आयआयपीएस संस्थेने देशभर केलेल्या लासी या मोठ्या पाहणीत (२०१७-१८) साठीच्या पुढच्या साधारण २४ टक्के लोकांना चालणं, आंघोळ, जेवण, संडास यांपैकी किमान एका गोष्टीत अडचण होती. त्याच पाहणीतून पुढे झालेल्या अभ्यासात ६० च्या वरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला, म्हणजे ८८ लाख माणसं. बाकीचे बरेच जण चालत-बोलत, चार दिवसांच्या आजारपणात जातील. तुम्ही कुठल्या गटात पडणार हे तुम्हाला माहीत नाही. प्रत्येकाने डिमेन्शियाच्या दहा वर्षांचा खर्च साठवायचा म्हटलं तर तरुणपणी कोणी जगणारच नाही, आणि कोणीच साठवला नाही तर ज्याच्या वाट्याला ते आलं तो बुडाला. घर विकून? दादर-गिरगावात दीड-दोन कोटींच्या जागेत बसून औषधाला पैसे नाहीत अशी म्हातारी माणसं खरंच आहेत. त्यांच्यासाठी २००७ च्या बजेटमध्ये रिव्हर्स मॉर्गेज आलं, बँकेने घराच्या बदल्यात दरमहा पैसे द्यायचे, पण फार कोणी घेतलंच नाही, कारण जागा मुलांसाठी ठेवायची असते आणि बँकेचीही घाई नसते. आणि ज्यांच्याकडे जागाच भाड्याची आहे त्यांचं काय, ते तर या चर्चेत येतच नाहीत. जिथे कोणावर कोसळेल ते माहीत नसतं पण किती जणांवर कोसळेल ते साधारण माहीत असतं, तिथे सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं असतं. विमा याच कारणासाठी जन्माला आला. आणि ही जोखीम विमा कंपन्या उचलायला तयार नाहीत हे एक्सक्ल ०५ ने सांगून टाकलंय, म्हणून ती सरकारने उचलायला हवी.

जर्मनीने हे १९९५ मध्ये केलं. पगारातून सक्तीची वर्गणी, सुरुवातीला १ टक्का, अर्धी कामगाराची अर्धी मालकाची. मालकांची भरपाई म्हणून देशाने एक सार्वजनिक सुट्टीच रद्द केली (सॅक्सनी राज्याने सुट्टी ठेवली, तिथले कामगार त्याबद्दल वर्गणीचा जास्त वाटा भरतात). ती वर्गणी २०२५ मध्ये ३.६ टक्क्यांवर गेलीय, मुलं नसलेल्यांना त्याहून जास्त. घरचंच माणूस सांभाळत असेल तर पेशंटला रोख रक्कम मिळते आणि सांभाळणाऱ्याच्या पेन्शनमध्ये विमा निधी भर घालतो. जपानने २००० मध्ये सुरू केलं, चाळिशी झाली की वर्गणी सुरू, अर्धे पैसे करातून आणि अर्धे वर्गणीतून, माणूस किती परावलंबी आहे ते तपासून सात पायऱ्या ठरवलेल्या, बहुतेकांनी बिलाचा दहावा हिस्सा स्वतः द्यायचा. तिथेही खर्च उतरला नाही. जपानमधल्या ६५ च्या पुढच्या माणसाची सरासरी मासिक वर्गणी सुरुवातीला २,९११ येन होती, २०२४ पासून ६,२२५ झाली. जर्मनीत नर्सिंग होममध्ये राहणाऱ्याला विमा वजा जाताही पहिल्या वर्षी महिन्याला ३ हजार युरोंहून जास्त पदरचे घालावे लागतात. म्हणजे या देशांनी स्वस्त करायची जादू केली असं मुळीच नाही. त्यांनी एवढंच केलं की अख्खा डोंगर एका घरावर पडू दिला नाही. मला तेवढंच हवंय.

बाजारावर सोडलं की काय होतं ते ब्रिटनने दाखवलं. सदर्न क्रॉस ही तिथली सगळ्यात मोठी केअर होम कंपनी, साडेसातशे ठिकाणं, ३१ हजार म्हातारी माणसं तिच्याकडे. मधल्या काळात ती एका गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात होती, तेव्हा इमारती वेगळ्या विकल्या गेल्या आणि मग त्याच इमारती दरवर्षी वाढत्या भाड्याने घेतल्या. भाडं वाढत गेलं, नगरपालिकांकडून येणारे पैसे आटले, आणि २०११ मध्ये कंपनी कोसळली, नव्वदीच्या माणसांना आपल्या खोलीचं काय होणार ते कळेना. आपल्याकडे सीनिअर लिव्हिंग सध्या बांधकामाचा धंदा म्हणून वाढतंय, नफा फ्लॅट विकण्यात आहे आणि देखभाल मेंटेनन्सच्या बिलात. पैसे कुठून येतात त्याकडेच लक्ष जातं, हा माणसाच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही, हिशोबाचा आहे. आणि आपल्याकडे नोंदणीसुद्धा धड नाही. ब्युरो कोणीही काढू शकतं. २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात केअर होम आणि घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी होती, किमान दर्जा होता, ते पास न होताच लोकसभेची मुदत संपली. मूळ २००७ च्या कायद्यात मुलांकडून जास्तीत जास्त १० हजार रुपये महिना पोटगी मिळू शकते, आणि कलम १९ म्हणतं की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम काढू शकेल. काढू शकेल, काढायलाच हवा असं नाही. मुलावर सक्ती आणि सरकारला मर्जी, असा हा कायदा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे, त्यात नर्स आणि रुग्णांची देखभाल करणारेही आहेत, जर्मन भाषेच्या शिकवणीचा खर्च सरकार करणार. जाणाऱ्या मुलामुलींनी जरूर जावं, तिथे त्यांच्या कामाला पगार आहे, रजा आहे, मान आहे. पण यातून एक सिद्ध होतं की या कामासाठी माणसं निवडणं, शिकवणं, त्यावर सरकारी पैसा घालणं हे आपल्याला जमतं. त्या राज्याच्या राजधानीतल्या, स्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांसाठी जमतं तर सिन्नरच्या म्हाताऱ्यांसाठी का नाही? फरक एवढाच आहे की तिकडे पगार द्यायला वर्गणीने भरलेला निधी बसलाय, इकडे पेशंटच्या मुलाचं सॅलरी अकाउंट.

यावर नेहमीचं उत्तर येतं की आपला देश गरीब आहे, आपल्याला हे झेपणार नाही. मला इथे महाराष्ट्राचाच इतिहास आठवून द्यावासा वाटतो. १९७२ च्या दुष्काळात तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, मागेल त्याला काम. पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारांच्या, डॉक्टर-वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या खिशातून, आणि जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असं कायद्यातच घातलं. तेव्हाचा महाराष्ट्र आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. मुंबईच्या कारकुनाने मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईची हमी घेतली, आणि त्यावरून फार आरडाओरडा झाला नाही. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार केंद्राने घेतला. कर मात्र अजून चालू आहे, पगाराच्या स्लिपवर पी टॅक्स म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत ३००, ते हेच. तो वर्षाला २,५०० च्या वर नेता येत नाही, घटनेतच १९८८ पासून ती मर्यादा आहे, ती वाढवायची तर संसदेत जावं लागेल. तरी रस्ता दिसतो. एका ठरलेल्या कामासाठी एक ठरलेला कर, त्यावर तेवढीच सरकारी भर, आणि मागेल त्याला हक्काने मदत.

म्हणजे सांभाळाची हमी. मला यात मोठमोठ्या इमारती नकोत. वॉर्डात आणि ग्रामपंचायतीत नेमलेल्या, शिकवलेल्या, पगारी बाया-पुरुष हवेत, जे घरी येऊन दिवसातले दोन-तीन तास तरी जड काम करतील, आंघोळ, ड्रेसिंग, कूस बदलणं, घरच्यांना शिकवणं. वर एक नर्स, तिच्यावर डॉक्टर. दिवसाची पाळणाघरं हवीत म्हाताऱ्यांसाठी, म्हणजे मुलगी कामावर जाऊ शकेल. घरचंच माणूस सांभाळत असेल तर त्याच्या पीएफमध्ये भर. आणि जे नेमाल त्यांना आशाताईंसारखं तुटपुंज्या मानधनावर लोंबकळत ठेवू नका, पूर्ण पगार, पीएफ, रजा द्या, मग ब्युरोवाल्यांनाही दर सुधारावा लागेल. हे हवेतलं नाही. केरळमध्ये १९९३ ला कोझिकोडच्या काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, त्यात गावोगावचे स्वयंसेवक आले, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं आणि आज तिथल्या पंचायतींच्या पैशातून नर्स घरी जाऊन अंथरुणावरच्या पेशंटला बघते. केरळचं दरडोई उत्पन्न काही जर्मनीएवढं नाही.

संस्कृतीचा मुद्दा येतो, की आई-वडिलांचं मुलांनीच करायचं असतं, हे सरकारवर टाकायचं म्हणजे जबाबदारी झटकणं. ज्यांनी केलंय त्यांच्यापैकी कोणाशी तरी बोला. जे मुलगे असं म्हणतात त्यांतले बहुतेक स्वतः डायपर बदलत नाहीत, बायको बदलते. आणि मदत आली म्हणून प्रेम कमी होत नाही, उलट थकलेल्या, झोप न झालेल्या, पैशाच्या काळजीने कावलेल्या माणसाचा आवाज चढतो, हात उगारला जातो, हे किती घरांत होतं ते बंद दाराआड राहतं. सांभाळणाऱ्याला रोज तीन तास मोकळे मिळाले तर तो उरलेल्या वेळात मुलगा म्हणून, मुलगी म्हणून शेजारी बसू शकतो.

भ्रष्टाचाराची भीती खरी आहे, रोजगार हमीतही खोट्या हजेऱ्या लागल्या. पण त्या मस्टरवर लागल्या म्हणून सापडल्या, लोकांनी आंदोलनं करून बाहेर काढल्या. आज मावशींच्या कामाचं मस्टरच नाही.

२०२२ मध्ये देशात साठीच्या पुढचे साडेदहा टक्के होते, २०५० पर्यंत ते २०.८ टक्के होतील असा युएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) आणि आयआयपीएसच्या अहवालाचा अंदाज आहे. महाराष्ट्र देशाच्या थोडा पुढेच आहे, २०११ च्या जनगणनेतच इथे एक कोटीच्या वर ज्येष्ठ होते. रोजगार हमीसुद्धा एकदम राज्यभर आली नव्हती, आधी सांगली जिल्ह्यात तासगावकडे पाग्यांनी ती लहान प्रमाणावर करून बघितली होती. तसंच आता करता येईल. सिंधुदुर्ग नाहीतर रत्नागिरीतला एक तालुका घ्या, जिथे पोरं मुंबईला आणि घरात दोन म्हातारी अशी वाडीच्या वाडी आहे, आणि पुण्यातला एक पेठेतला वॉर्ड घ्या. दोन वर्षं चालवा. किती घरांनी मदत मागितली, किती तास लागले, किती बेडसोर टळले, किती जण परत ॲडमिट झाले नाहीत, किती बायका कामावर परत गेल्या, आणि नेमलेल्या मावशींना महिन्याला हातात किती पडले, हे सगळं लिहून ठेवा आणि विधानसभेत मांडा. व्यवसाय कराच्या वरची मर्यादा उठवायची की वेगळा उपकर लावायचा हे त्या आकड्यांवरून ठरेल, पण माझ्या पगारातून आत्ता जे दोनशे जातात त्याचे चारशे झाले तर मला चालतील, आणि माझ्या ऑफिसातल्या ज्या ज्या बाईच्या घरी कोणी अंथरुणावर आहे तिलाही चालतील.